पाण्याला टेकून उभं राहताना

माझा भाचा जळगावात रोज जिमला जातो आणि शंभर किलोची डेडलिफ्ट सहज मारतो. दिवाळीच्या सुट्टीत तो गोव्याला गेला, तिथे पहिल्यांदा वॉटर स्कीइंग केलं, म्हणजे पायांना फळ्या बांधून, बोटीला बांधलेली दोरी धरून पाण्यावरून घसरत जाणं, आणि नऊ वेळा तोंडावर आपटून परत आला. आल्यावर म्हणाला, "मामा, माझी ग्रिप कमी पडली. आता दोन महिने फक्त हात आणि पाठ." शिकवणाऱ्यानेही त्याला दर वेळी एकच सांगितलं होतं, जोर लावा.

हा लेख त्या दोन शब्दांमुळे लिहितो आहे. वॉटर स्कीइंग हा ताकदीचा खेळ आहे, हा समज फार लोकांचा असतो. माणसाला पाण्यावर उचलण्याचं काम पाणी करतं आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा बोटीचं इंजिन पुरवतं. माणसाकडे फक्त एक कोन सांभाळायचं काम उरतं.

तापीकाठी वाढलेल्या प्रत्येकाने हा कोन हातात धरलेला आहे. चपटी ठिकरी वाकून, आडवी फेकली की ती पाण्यावर टप्पे घेत जाते. तीच ठिकरी उभी फेकली तर डुबकन आत. 2004 साली फ्रान्समधल्या तीन शास्त्रज्ञांनी यंत्राने चकत्या फेकून हे मोजलं. ठिकरी आणि पाण्याचा पृष्ठभाग यांच्यात साधारण 20 अंशांचा कोन असेल तर टप्पे सर्वांत चांगले पडतात, असं त्यांना दिसलं. पुढची कड किंचित वर, मागची खाली. स्कीची फळी म्हणजे न थांबणारी ठिकरी, तिचा तो एकच टप्पा बोट चालू असेपर्यंत लांबत राहतो.

आता हे आतून कसं चालतं ते पाहू. मला यातलं सगळ्यात आवडणारं गणित इथेच आहे, म्हणून जरा सावकाश जातो.

तिरकी फळी पाण्यावरून पुढे ओढली की ती समोरचं पाणी खाली ढकलते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे पाणी फळीला वर ढकलतं. हा जोर तरंगण्यातल्या उत्प्लावक बलापेक्षा वेगळा आहे. उत्प्लावक बल बोट थांबली तरी असतं, हा जोर फक्त वेग असेपर्यंत मिळतो. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की जोर चौपट. का? वेग दुप्पट झाल्यावर दर सेकंदाला फळीखाली दुप्पट पाणी येतं आणि त्यातला प्रत्येक थेंब दुप्पट वेगाने खाली ढकलला जातो. दोन गुणिले दोन.

आकडे घालून पाहू. ताशी 30 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 8.3 मीटर. पाण्याची घनता घनमीटरला 1000 किलो धरली तर घनता गुणिले वेगाचा वर्ग भागिले दोन हे दाबाचं उत्तर येतं सुमारे 35,000 पास्कल. शेतकऱ्याच्या भाषेत, प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर 350 ग्रॅमचा भार. हा पूर्ण दाब फळीवर एका अरुंद पट्टीतच मिळतो, जिथून फवारा उडतो तिथे. 15 अंशांच्या कोनात सगळ्या ओल्या भागाची सरासरी काढली तर ढोबळमानाने त्याचा दहावा हिस्सा हाती येतो, 35 ग्रॅम. 70 किलोचा माणूस पेलायला 70,000 भागिले 35, म्हणजे 2,000 चौरस सेंटीमीटर ओली फळी हवी. दोन फळ्यांत वाटली तर प्रत्येकी 1,000. फळी 15 सेंटीमीटर रुंद धरा, तर फक्त 67 सेंटीमीटर लांबी पाण्यात पुरते. फळी असते पावणेदोन मीटरच्या आसपास. म्हणून फोटोत स्कीची टोकं आणि पुढचा मोठा भाग हवेत दिसतो.

आता वेग निम्मा करा, ताशी 15. जोर चौथाई होतो. तेवढाच माणूस पेलायला चौपट फळी लागेल, ती नाही. मग फळी जास्त तिरकी करावी लागते आणि माणूस खोल रुततो. सुरुवातीचे दोन-तीन सेकंद इतके अवघड का, याचं उत्तर हे आहे. पाणी अजून टणक व्हायचं असतं आणि शिकणारा घाईने उभा राहायला बघतो.

याच कोनातून दोरीचा ताणही निघतो. पाण्याचा रेटा फळीला काटकोनात असतो, म्हणजे वर आणि थोडा मागे. 15 अंशांना हा मागचा भाग वजनाच्या सुमारे 27 टक्के भरतो, 70 किलोला 19 किलो. घर्षण धरून 20 ते 25 म्हणू. म्हणजे स्थिर चालताना भाच्याच्या हातावर पिठाच्या एका मोठ्या पोत्याएवढाही भार नव्हता. शंभर किलो उचलणाऱ्याची ग्रिप कमी पडेलच कशी?

तो पडला टॉर्कमुळे, म्हणजे फिरवणाऱ्या जोरामुळे. दोरी कमरेजवळ पुढे ओढते, पाणी पायांना धरून ठेवतं. शरीर सरळ उभं असेल तर ते पुढे कोलमडणारच. तोल साधायला शरीराचा गुरुत्वमध्य पायांच्या मागे न्यावा लागतो. किती? 20 किलोचा ताण, कमरेची उंची 90 सेंटीमीटर, वजन 70. गुणाकार-भागाकार केला की 26 सेंटीमीटर येतात. वीतभराहून थोडं जास्त. फक्त तेवढं मागे रेलायचं.

हे मी लहानपणी यावल तालुक्यात मामाच्या शेतात शिकलो होतो, पाण्याशिवाय. काळ्या जमिनीत वखर दाबून चालावा म्हणून त्यावर उभं राहायचं, हातात कासरा, पुढे बैलजोडी. बैलांनी हिसका दिला की मी कासरा छातीशी ओढायचो आणि ढेकळांत पडायचो. आजोबा अहिराणीत ओरडायचे, "आंग मांगे टाक, कासराले लोंबकळू नको!" वॉटर स्कीइंगच्या पहिल्या धड्यात याहून जास्त काही नाही.

हात वाकवण्याची चूक नीट समजून घ्या, कारण जवळपास प्रत्येक जण ती करतो. घाबरला की माणूस दोरी स्वतःकडे ओढतो. त्या क्षणी तो बोटीपेक्षा किंचित वेगात पुढे येतो आणि दोरी सैल पडते. दोरी सैल म्हणजे ओढ शून्य, आणि मागे रेललेल्या शरीराला आधार उरत नाही. अर्ध्या सेकंदात वेग घटतो, दोरी पुन्हा ताठ होते आणि जो हिसका बसतो तो 20 किलोच्या कितीतरी पट असतो. त्यात दोरी हातातून सुटते आणि माणसाला वाटतं, ग्रिप कमी पडली. हात सरळ, गुडघे मऊ. धक्के गुडघ्यांनी खायचे, हातांनी नाही.

हा खेळ जन्मला तोच मागे रेलायला शिकून. 1922 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, लेक पेपिनवर, राल्फ सॅम्युएलसन या अठरा वर्षांच्या मुलाने आधी लाकडी पिंपाच्या पट्ट्या पायाला बांधून पाहिल्या, मग बर्फावरच्या स्की. दर वेळी बुडाला. शेवटी आठ फुटी फळ्या आणून त्यांची टोकं उकळत्या पाण्यात मऊ करून वर वाकवली. तरीही अनेकदा पडला. 2 जुलैला त्याने मागे रेलून टोकं पाण्याबाहेर ठेवली आणि भाऊ चालवत असलेल्या बोटीमागे तो उभा राहिला. लेक पेपिन म्हणजे मिसिसिपी नदीच रुंद होऊन झालेलं तळं. हतनूर धरणाच्या फुगवट्यावर तापी अशीच पसरते, म्हणून मला ही गोष्ट घरची वाटते.

तरी हतनूरवर हा खेळ आणा असं मी म्हणणार नाही. तिथे हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी उतरतात आणि गाळही भरपूर आहे. उथळ गाळावर ताशी 30 ने पडणं म्हणजे हाड मोडून घेणं.

फळीशिवायही हे जमतं. 1947 साली फ्लोरिडात अनवाणी स्कीइंग झालं. तळपाय लहान, म्हणून वेग ताशी 60 च्या आसपास न्यावा लागतो. वर्गाचा नियम तोच. पण ओढणारी बोट हवीच. 1966 साली मुंबईत एका हठयोग्याने पाण्यावर चालून दाखवतो असं जाहीर केलं, तिकिटं विकली गेली, आणि तो पहिल्याच पावलाला बुडाला. बॅसिलिस्क नावाचा सरडा खरोखर पाण्यावर धावतो. तो अभ्यासणाऱ्या शास्त्रज्ञांनी हिशेब केला, तर माणसाला त्यासाठी सेकंदाला 30 मीटरने धावावं लागेल, ताशी 108 किलोमीटर. त्याला स्नायूंची शक्ती आपल्या पंधरा पट लागते, आणि साधनेने ती पंधरा पट होत नाही. पाण्यावर चालणाऱ्या महाराजांचे व्हिडिओ आजही गावोगावच्या ग्रुपवर फिरतात, म्हणून हे ठासून सांगतो.

तोल जमला की खरी मजा स्लॅलममध्ये, म्हणजे वळसे घेत जाण्याच्या प्रकारात. सहा बोया (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा), एकाआड एक डावी-उजवीकडे, आणि स्कीअर लंबकासारखा झुलत बोटीपेक्षाही जास्त वेगाने आडवा जातो. प्रत्येक बोया बोटीच्या मार्गापासून 11.5 मीटरवर असते. दोरी 18.25 मीटरपासून टप्प्याटप्प्याने आखूड करत नेतात, ती 11.25 वर आली की दोरीच बोयापर्यंत पुरत नाही. उरलेलं अंतर खेळाडू स्वतःचं अंग पाण्यावर जवळजवळ आडवं करून गाठतो.

भाच्याला मी हे सगळं कागदावर दाखवलं. त्याला गणित पटलं, पण अंगाला पटायला हवं होतं. म्हणून आम्ही खळ्यात गेलो. त्याला जमिनीवर बसवलं, गुडघे छातीशी, टाचा एका जाड ओंडक्याला टेकवलेल्या, हात गुडघ्यांच्या बाहेरून सरळ, हातात आडवं दांडकं. दांडक्याला कासरा बांधला आणि दुसरं टोक मी व मामेभावाने धरलं. मनगटाला गुंडाळायचा नाही, हे आधी बजावलं. पाण्यात हीच चूक जीव घेते. लाइफ जॅकेट आणि बोटीत मागे पाहत बसणारा वेगळा माणूस, हे दोन्ही नसेल तर पाण्यात उतरायचंच नाही, असंही कबूल करून घेतलं.

आम्ही हळूहळू ओढ वाढवली. पहिल्या चार वेळा त्याने दंड फुगवून दांडकं छातीशी आणलं आणि ओंडक्यावरून पुढे गडगडला. पाचव्यांदा हात सरळ राहिले, पण पाय लवकर ताठ केले आणि पाठीवर आडवा झाला. सहाव्यांदा त्याने काहीच केलं नाही. गुडघे दुमडलेले ठेवून बसून राहिला, आणि कासऱ्याने त्याला खुर्चीतून उठवावं तसं अलगद उभं केलं. आम्ही दोघं ओढत होतो, तो वीतभर मागे रेलून उभा होता, आणि त्याच्या दंडात काहीच ताण दिसत नव्हता.

"मामा," तो तसाच रेलून म्हणाला, "सोडू नका. अजून थोडा वेळ."