मुंबईच्या तुरुंगांतून बाहेर आलेलं एक पत्र

सात रस्त्याहून आर्थर रोड जेलकडे जाताना कैद्यांच्या भेटीसाठी ताटकळलेली माणसं दिसतात. हातात आधार कार्ड, कपड्यांची पिशवी, कडेवर पोर. भेटायचा माणूस बहुधा कच्चा कैदी असतो: खटला चालू, गुन्हा अजून शाबीत व्हायचा. १९२६ साली बांधलेल्या या तुरुंगाची क्षमता अनेक वर्षं ८००च्या आसपास धरली जाई. मे २०२० मध्ये करोना आत शिरला तेव्हा तिथे अडीच हजारांहून जास्त माणसं होती.

कैद्यांच्या हक्कांच्या लढ्याला मुंबईने दिलेली मोठी गोष्ट मात्र गर्दीतून आली नाही, एका पत्रातून आली. मे १९८२ मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी बॉम्बे सेंट्रल जेलमध्ये १५ महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. लॉकअपमध्ये पोलिसांनी मारल्याचं पाच जणींनी सांगितलं. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, तीच याचिका झाली. शहानिशेचं काम न्यायालयाने पोलिसांकडे न देता निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालक ए. आर. देसाई यांच्याकडे दिलं. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला हाच सर्वांत शहाणपणाचा निर्णय. मारहाण शोधायला गेलेल्या या चौकशीत वकिलीची तऱ्हाही उघडी पडली. एका वकिलाने दोन परदेशी बायकांचं सामान आणि दागिने फीपोटी म्हणून स्वतःकडे ठेवून घेतले होते.

१५ फेब्रुवारी १९८३ च्या निकालात न्या. भगवती यांनी सांगितलं: महिलांसाठी वेगळे लॉकअप, पहाऱ्याला महिला शिपाई, अटक होताच विधी साहाय्य समितीला खबर, सत्र न्यायाधीशांच्या न सांगता भेटी. शिवाय आरोपीला समोर आणल्यावर छळाची काही तक्रार आहे का, हे मॅजिस्ट्रेटने विचारायचं. तो प्रश्न आजही विचारला जातो. 'नाही साहेब' म्हणणाऱ्याच्या शेजारी पोलीसच उभा असतो, ही गोष्ट वेगळी.

१९९० मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'प्रयास' या प्रकल्पाने तुरुंगात समाजसेवक नेले. फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या २००५ च्या दुरुस्तीने कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला सोडण्याची तरतूद आली. १ जुलै २०२४ पासून पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्यासाठी ती एक तृतीयांशावर आली. पण जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळाल्याने माणसं आतच राहतात. ज्याच्या नावावर खोलीसुद्धा नाही, त्याच्यासाठी कोण उभं राहणार? अशांसाठी ४०,००० रुपयांपर्यंत मदतीची केंद्राची योजना २०२३ मध्ये आली.

दरम्यान जून २०१७ मध्ये भायखळ्याच्या महिला तुरुंगात अंडी-पावाच्या हिशेबावरून एका कैदी महिलेला जीव जाईपर्यंत मारल्याचा आरोप झाला. तुरुंगातल्या सहा कर्मचारी महिलांना अटक झाली.

पुढचा धक्काही पत्रकारितेनेच दिला. तुरुंगातली कामं जातीवर वाटली जातात, हे सुकन्या शांता यांनी २०२० मध्ये लिहून उघड केलं आणि नंतर त्या स्वतः न्यायालयात गेल्या. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झाडू कुणी मारायचा आणि स्वयंपाक कुणी करायचा हे जातीवर ठरवणारे नियम रद्द केले, राज्यांना नियमावल्या बदलायला तीन महिने दिले आणि कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितला.