चरस आणि गांजा: निदान निपाणीकरांनी तरी घोळ घालू नये

'चरस-गांजा' हा जोडशब्द बातमीत दिसला की माझं डोकं फिरतं. गांजा आपल्याकडं समजावून सांगायला नको. भांगेच्या मादी झाडाचे फुलोऱ्यासकट वाळवलेले शेंडे. नुसता पाला असेल तर भांग. झालं, पुढं चला.

चरस म्हणजे ना पान, ना फूल. तो त्या फुलोऱ्यावर सुटणारा चीक. निपाणी-चिकोडीकडं ज्यानं तंबाखूचे शेंडे खुडलेत, त्याला हे हातानंच कळायला हवं. दिवसभर खुडल्यावर तळव्यांवर काळपट चिकट थर बसतो आणि साबणाला दाद देत नाही. आपण तो घासून घालवतो. हिमाचलात ओला फुलोरा तळहातांत चोळून असाच थर मुद्दाम जमवतात, खरवडतात, वळतात. तो चरस. 'भारीतला गांजा म्हणजे चरस' असं ठासून सांगणारे भेटतात. ते उद्या डिंकालाही भारीतलं बाभळीचं लाकूड म्हणतील.

कायदा असला घोळ घालत नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली गांजाचं 'अल्प' प्रमाण १ किलोपर्यंत, चरसाचं फक्त १०० ग्रॅम. 'व्यावसायिक' प्रमाणाची रेषा गांजाला २० किलोवर, चरसाला १ किलोवर. म्हणून नुसतं 'किलोभर माल सापडला' या बातमीतून काहीच कळत नाही. (हशीश हाही चीकच, नाव अरबी, त्याचा मूळ अर्थ मात्र गवत!)

आता नाव. 'चरणे'शी त्याची सोयरीक जुळवू नका. हिंदीत चरस म्हणजे चामड्याची मोटसुद्धा, आणि कोशकार बोट दाखवतात ते 'चर्म'कडं. पण चिकाचा चामड्याशी काय संबंध? मध्य आशियातल्या यारकंदहून लेहमार्गे हा माल चामड्याच्या पिशव्यांतून यायचा, हे एक उत्तर. दुसरं जास्त मजेशीर: कलकत्त्याच्या डॉ. ओ'शॉनेसींनी १८३९ मध्ये लिहिलंय की मध्य हिंदुस्थानात माणसं चामड्याचे कपडे घालून भांगेच्या शेतातून पळत सुटायची आणि अंगाला चिकटलेला चीक मग खरवडायची. गोष्ट दुसरी झकास, पण माझं मत पिशवीला.

तेव्हा जुन्या हिंदी गोष्टीत बैल चरस ओढताना दिसले तर दचकू नका. ते विहिरीतून पाणी काढताहेत.