आफ्रिकेतील निसर्गस्थळे आणि वारसास्थळे

आफ्रिका खंडातील नामांकित पर्यटनस्थळांची विभागणी सहसा ‘नैसर्गिक’ आणि ‘ऐतिहासिक’ अशी केली जाते. एका बाजूला धबधबे, पर्वत, अभयारण्ये. दुसऱ्या बाजूला पिरॅमिड, चर्च, मशिदी, तटबंद्या. सोयीसाठी ही विभागणी ठीक असली तरी या खंडात ती फार वेळ टिकत नाही. येथील बहुतेक मोठी बांधकामे ज्या जमिनीवर उभी आहेत त्याच जमिनीतून निघालेली आहेत. गीझाचा चुनखडक, झिंबाब्वेचा ग्रॅनाइट, लालिबेलाचा ज्वालामुखीजन्य दगड, पूर्व किनाऱ्यावरचा प्रवाळ, जेनेची नदीकाठची माती अशी ही सामग्री आहे. ती बदलली की वास्तूची घडण बदलते आणि वास्तू कशी झिजणार, तिची डागडुजी कशी करावी लागणार, हेही तिच्यावरच ठरते. त्यामुळे या नोंदीत स्थळे देशवार न घेता खडक आणि माती यांच्या अंगाने घेतली आहेत.

कैरोलगतच्या गीझा येथील खुफू राजाचा पिरॅमिड इ. स. पू. सुमारे २५६० चा. मुळात तो सुमारे १४६ मी. उंच होता आणि त्यात अंदाजे २३ लाख दगड आहेत. हे सगळे दगड लांबून आणले असावेत असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात बहुतेक दगड त्याच पठारावर, पिरॅमिडपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या खाणीतले आहेत. बाहेरच्या अंगाचा पांढराशुभ्र चुनखडक तेवढा नाईलच्या पलीकडच्या तुराहून आणि आतल्या दालनाचा ग्रॅनाइट दूर दक्षिणेकडच्या अस्वानहून आला. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ येथे जे पपायरस (लव्हाळ्यापासून केलेले लेखनपट) सापडले, ते आजवर मिळालेल्या लिखित पपायरसांपैकी सर्वांत जुने होत. त्यांत मेरर नावाच्या एका मुकादमाची रोजनिशी आहे. तुराला नाव भरली, गीझाला पोचलो, दगड उतरवले, रात्री अमुक ठिकाणी मुक्काम केला, अशा तिच्यातल्या नोंदी साध्या आणि कोरड्या आहेत. राजांच्या गौरवलेखांपेक्षा हा माणूस आपल्याला पिरॅमिडच्या कितीतरी अधिक जवळ नेतो.

तुराचा तो पांढरा थर मध्ययुगात कैरोच्या इमारतींसाठी काढून नेला गेला, म्हणून आज पिरॅमिड पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. शेजारच्या खाफ्रेच्या पिरॅमिडच्या टोकाला मूळ आवरणाचा थोडा भाग शिल्लक आहे. स्फिंक्स (लांबी सुमारे ७३ मी., उंची सुमारे २० मी.) जागेवरच्याच खडकात कोरलेला आहे. त्या खडकाचे थर सारखे नाहीत. डोक्याचा थर टणक, धडाचा ठिसूळ. अंगावरचे आडवे वळ आणि त्या मानाने नीटस राहिलेला चेहरा यांचे कारण हेच.

दक्षिण इजिप्तमधील अबू सिंबेलची मंदिरे दुसऱ्या रामसेस राजाने इ. स. पू. तेराव्या शतकात वालुकाश्माच्या कड्यात कोरवून घेतली. अस्वानच्या उंच धरणामुळे ती पाण्याखाली जाणार होती, म्हणून १९६४ ते १९६८ या काळात डोंगरासकट कापून ती सुमारे ६५ मी. उंचावर नेऊन पुन्हा उभारली गेली. दरवर्षी २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबर या सुमारास उगवतीची किरणे थेट गाभाऱ्यात पोचतात. तेथील चार मूर्तींपैकी तिघींवर प्रकाश पडतो. अंधाराशी नाते असलेला प्ताह हा देव मात्र सावलीतच राहतो. या मोहिमेच्या अनुभवातूनच १९७२ च्या जागतिक वारसा कराराला चालना मिळाली.

झिंबाब्वे देशातील ग्रेट झिंबाब्वे हे स्थळ पर्यटनस्थळांच्या याद्यांत सहसा उगीचच खाली ढकलले जाते. अकराव्या ते पंधराव्या शतकांत शोना लोकांच्या पूर्वजांनी वसवलेले हे नगर. तेथील ‘महाआवारा’ची बाहेरची भिंत सुमारे २५० मी. घेराची आणि काही जागी ११ मी. उंच आहे. तिच्यात चुना नाही, मातीचा गिलावाही नाही. आसपासच्या ग्रॅनाइटच्या टेकड्या दिवसा तापतात आणि रात्री निवतात. या रोजच्या ताणाने खडकाचे पापुद्रे सुटतात, कांद्याच्या सालींसारखे. हे पापुद्रे बऱ्यापैकी एकसारख्या जाडीचे निघत असल्याने ते फोडले की बांधकामाला जवळजवळ तयार दगड हाती येतो. गवंड्यांनी त्याचे थर एकावर एक रचले, भिंत वर जाताना किंचित आत झुकवली आणि कोपरे टाळून सगळी वळणे गोलाईने घेतली. आग्नेय बाजूला भिंतीच्या माथ्यावर नागमोडी नक्षीचा पट्टा आहे. आत एक भरीव शंक्वाकार बुरूज उभा आहे. त्याला दार नाही, खिडकी नाही.

हे आफ्रिकी लोकांनी बांधले, हे मान्य करायला वसाहतवादी जगाला फार वेळ लागला. १८७१ मध्ये आलेल्या कार्ल माउख या जर्मन प्रवाशाने दाराच्या तुळईची एक ढलपी काढून हुंगली. तिचा वास आपल्या पेन्सिलीच्या लाकडासारखा वाटला, तेव्हा हा लेबाननचा देवदार आणि ही वास्तू बायबलमधल्या शीबाच्या राणीची, असा निष्कर्ष त्याने काढला. लाकूड प्रत्यक्षात झिंबाब्वेच्याच मुलखातले होते. पुढे १९०२ पासून तेथे नेमलेल्या रिचर्ड हॉल या क्युरेटरने नंतरच्या आफ्रिकी वस्तीचा ‘कचरा’ म्हणून मातीचे थरच्या थर उपसून टाकले. खरा इतिहास त्या थरांतच होता. ती हानी भरून येण्यासारखी नाही. डेव्हिड रँडल-मॅकायव्हर यांनी १९०५ मध्ये आणि गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी १९२९ मध्ये, या दोघा पुरातत्त्वज्ञांनी, उत्खननाच्या आधारे या नगराचे आफ्रिकी मूळ स्पष्टपणे मांडले, तरी गोऱ्या सत्तेच्या काळात हा वाद मुद्दाम जिवंत ठेवला गेला. १९८० मध्ये स्वतंत्र झालेल्या देशाने नाव या भग्नावशेषांचेच घेतले आणि येथे सापडलेला शंखजिऱ्याचा पक्षी आपल्या ध्वजावर ठेवला.

ग्रेट झिंबाब्वे येथे चीनमधली भांडी मिळाली, तसेच किल्वाचे नाणेही मिळाले. टांझानियाच्या किनाऱ्याजवळच्या किल्वा किसिवानी बेटावरील मशीद आणि वाडे प्रवाळाच्या दगडाचे आहेत आणि त्यांतला चुनाही प्रवाळ भाजून केलेला. आतल्या प्रदेशातले सोने या बेटामार्गे हिंदी महासागराच्या व्यापारात जाई. इब्न बतूता हा प्रवासी १३३१ मध्ये किल्वाला येऊन गेला.

इथिओपियातील लालिबेला येथे ११ चर्च आहेत आणि परंपरा त्यांचे श्रेय झाग्वे घराण्यातील लालिबेला राजाला देते (बाराव्या शतकाचा शेवट ते तेराव्याचा आरंभ). येथे काम आधी कळस, मग पाया असे चालले. जमिनीत चहूबाजूंनी खोल चर खणून मधला खडक मोकळा केला आणि मग वरून खाली, बाहेरून आत कोरत नेला. बेते गियोर्गिस हे क्रूसाच्या आकाराचे चर्च त्यांत सर्वांत देखणे. चालत येणाऱ्याला आधी त्याचे छतच दिसते, पायांच्या पातळीवर, एकात एक कोरलेल्या क्रूसांचे. भिंती पाहायच्या तर अरुंद चरातून खाली उतरावे लागते. सोळाव्या शतकात आलेल्या फ्रान्सिश्कू आल्वारिश या पोर्तुगीज पाद्र्याने, कोणी विश्वास ठेवणार नाही म्हणून याबद्दल अधिक लिहिण्याचा आपल्याला शीण आला आहे, असे नोंदवून ठेवले आहे. १९७८ मध्ये जागतिक वारसा यादीत जी पहिली १२ स्थळे घेतली गेली, त्यांत लालिबेला होते. कोरायला सोपा असलेला हा दगड पाणी शोषतो, त्यामुळे काही चर्चवर २००८ मध्ये मोठी छत्रे उभारली गेली. ती दिसतात बोजड आणि त्यांच्या भाराबद्दल स्थानिकांना काळजीही वाटते. ७ जानेवारीला, म्हणजे इथिओपियाच्या नाताळाला, पांढरी वस्त्रे पांघरलेले हजारो यात्रेकरू या चरांच्या काठांवर दाटीने उभे राहतात. लालिबेला हे आजही चालते तीर्थक्षेत्र आहे, पर्यटन त्यानंतर.

झांबिया आणि झिंबाब्वे यांच्या सीमेवरील धबधब्याला डेव्हिड लिव्हिंग्स्टन या ब्रिटिश प्रवाशाने १८५५ मध्ये व्हिक्टोरिया राणीचे नाव दिले. तेथील लोकांचे नाव जुने आणि जास्त नेमके आहे : मोसी-ओआ-तुन्या, म्हणजे गर्जणारा धूर. सुमारे १,७०० मी. रुंदीची झांबेझी नदी बेसाल्टमधल्या एका चिंचोळ्या फटीत शंभराहून अधिक मीटर खाली कोसळते. फट अरुंद असल्याने पाहणारा धबधब्याच्या अगदी समोर उभा असतो आणि उडणारे तुषार त्याला नखशिखांत भिजवतात. याच तुषारांवर समोरच्या काठाला दाट जंगल पोसले आहे. बेसाल्टच्या जुन्या भेगांमधला मऊ भाग कोरत नदी मागे मागे सरकत आली. खालच्या बाजूच्या नागमोडी घळी म्हणजे धबधब्याच्या पूर्वीच्या जागा. पौर्णिमेच्या आसपास, पाणी भरपूर असताना, येथे रात्रीही इंद्रधनुष्य दिसते.

टांझानियातील किलिमांजारो (५,८९५ मी.) हा खंडातील सर्वोच्च पर्वत. १८४८ मध्ये योहानेस रेबमान या मिशनऱ्याने विषुववृत्ताजवळ बर्फ पाहिल्याचे कळवले तेव्हा युरोपातील विद्वानांनी ते उडवून लावले. त्याच्या वाटाड्याला मात्र ते पांढरे काय आहे हे ठाऊक होते. त्याने त्याला ‘थंडी’ या अर्थाचा साधा शब्द वापरला होता. १९१२ पासून या शिखरावरचा ८० टक्क्यांहून अधिक बर्फ गेला आहे. उतारावरच्या ज्वालामुखीय मातीत चागा शेतकऱ्यांच्या केळी-कॉफीच्या बागा आहेत आणि त्यांनी डोंगरातून काढलेले पाट पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत.

टांझानियातल्याच सेरेंगेटी या गवताळ प्रदेशाची ख्याती दहा लाखांहून अधिक विल्डबीस्टच्या (मोठ्या हरणवर्गीय प्राण्यांच्या) स्थलांतरामुळे आहे. मारा नदीत उड्या घेणारे कळप सर्वांना माहीत असतात, पण या फेऱ्याचे मूळ दक्षिणेकडच्या आखूड गवताच्या माळात आहे. गोरोंगोरो परिसरातील ज्वालामुखींच्या राखेचा तेथे कठीण थर बनला आहे. झाडांची मुळे त्यात शिरत नाहीत, गवत मात्र खनिजांनी सकस असते. म्हणून विण्याच्या दिवसांत माद्या तेथे जमतात. जवळच्या लेटोली येथे अशाच राखेत सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी दोन पायांवर चालत गेलेल्या मानवपूर्वजांची पावले उमटून राहिली. पुरातत्त्वज्ञ मेरी लीकी यांच्या पथकाने १९७८ मध्ये ती उघडी केली आणि पुढे जपण्यासाठी ती पुन्हा मातीखाली झाकण्यात आली. सेरेंगेटीत गुरे चारणाऱ्या मासाई लोकांना १९५९ मध्ये तेथून हलवले गेले. ‘निर्मनुष्य रान’ ही या माळांची प्रतिमा त्यानंतरची आहे.

नामिबियातील डेडफ्ली येथे पांढऱ्या चिकणमातीच्या सपाट तळावर काही शतकांपूर्वी वाळलेली बाभळीच्या जातीची झाडे अजून उभी आहेत. हवा इतकी कोरडी की लाकूड कुजतच नाही. केपटाऊनच्या टेबल पर्वतावर (१,०८५ मी.) १९२९ पासून रज्जुमार्ग आहे आणि त्याच्या सपाट माथ्यावरून समोर रॉबेन बेट दिसते. नेल्सन मंडेला यांच्या २७ वर्षांच्या कैदेतील १८ वर्षे तेथे गेली. घानातील एल्मिना किल्ला पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये बांधला आणि तो गुलामांच्या व्यापाराचे मोठे ठाणे बनला. त्याच्या तळघरांत उभे राहिलेल्या माणसाला ‘पर्यटनस्थळ’ हा शब्द तोकडा वाटतो.

मालीतील जेनेची मोठी मशीद (सध्याची वास्तू १९०७) ही जगातील सर्वांत मोठी मातीची इमारत मानली जाते. बानी नदीच्या पूरमैदानातली माती, तीत भाताचा कोंडा, आणि हे मिश्रण मुरण्यासाठी काही दिवस. भिंतींतून बाहेर आलेले ताडाच्या लाकडाचे खुंट नक्षीसारखे दिसत असले तरी ती कायमची परांची आहे. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी एका ठरलेल्या दिवशी सगळे गाव गिलाव्याला उतरते. मुले टोपल्यांतून चिखल घेऊन धावतात, बायका पाणी आणतात, गवंडी त्या खुंटांवर चढून हाताच्या पंजाने भिंत लिंपतात. ज्येष्ठ गवंडी खाली बसून कोठे थर पातळ राहिला ते ओरडून सांगतात. अशांततेमुळे २०१६ पासून हे गाव धोक्यातील वारसास्थळांच्या यादीत आहे. एक वर्ष गिलावा चुकला तर पाऊस भिंतीत शिरतो.