उभ्या झाडाचे क्रेडिट आपोआप जमा होत नाही

शेतात किंवा लगतच्या वर्षावनात झाड उभे आहे, म्हणजे त्याचे कार्बन क्रेडिट आपोआप मिळते, हा समज अनेक वर्षे पसरलेला असून तो चुकीचा आहे. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड वातावरणात जाण्यापासून रोखल्याची किंवा तेथून शोषून घेतल्याची पडताळलेली, विकता येणारी नोंद होय. प्रकल्प नसता तर जे घडले असते, त्याहून अधिक जेवढे साधले तेवढेच मोजले जाते. म्हणूनच ज्या जंगलाला तोडीचा धोका नाही, त्याच्या रक्षणाचे क्रेडिट निघू नये. धोक्याचा हा अंदाज फुगवला की क्रेडिट पोकळ ठरते, आणि या व्यवहारावरची सर्वांत रास्त टीका नेमकी इथेच आहे.

मोजणीसाठी प्रत्यक्ष झाडापाशी जावे लागते. खोडाला १.३ मीटर उंचीवर टेप गुंडाळून व्यास काढतात आणि त्यावरून झाडाचे कोरडे वजन ठरवतात. त्यातला साधारण निम्मा भाग कार्बन असतो, त्याला ३.६७ ने गुणले की कार्बन डायऑक्साइडचे वजन मिळते. हा खर्च एकट्या अल्पभूधारकाला पेलवत नाही, त्यामुळे अनेक शेतकरी एका संस्थेमार्फत एकत्र येतात. मेक्सिकोच्या चियापास राज्यात १९९७ साली सुरू झालेला ‘स्कोलेल ते’ नावाचा प्रकल्प याच पद्धतीचा. आग लागून झाडे गेलीच, तर भरपाई व्हावी म्हणून काही क्रेडिट विक्रीबाहेर राखून ठेवली जातात.