मागच्या हबमधील जागेचा प्रश्न: जुन्या सायकलीला जास्त गिअर बसवण्याची पार्श्वभूमी

पन्हाळा आणि जोतिबाचे चढ जवळ असल्यामुळे कोल्हापुरात सायकल चालवणाऱ्याला गिअरचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. शहरात अनेकांच्या घरी गेल्या शतकातील शेवटच्या दोन दशकांतल्या गिअरच्या सायकली अजून उभ्या आहेत. त्यांची पोलादी फ्रेम धडधाकट असते, पण मागे पाच, सहा किंवा सात दातेरी चकत्याच असतात. त्या आठ किंवा नऊ करून मिळतील का, ही विचारणा आता सायकलच्या दुकानांत नेहमी होते. हे काम डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग) किंवा चेन बदलून भागत नाही. त्याचे उत्तर मागच्या हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, रचनेत असते आणि ती रचना आजच्या रूपात कशी आली हे कळल्याशिवाय कोणता हब सुधारता येईल आणि कोणता बदलावाच लागेल, याचा निर्णय नीट करता येत नाही.

सुरुवातीच्या शर्यतींच्या सायकलींत मागच्या हबच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दातांची चकती असे आणि चढ आला की स्वार खाली उतरून चाक उलटे बसवत असे. टूर द फ्रान्समध्ये डिरेलर वापरण्यास १९३७ साली परवानगी मिळाली. त्यानंतर एकाच बाजूला अनेक चकत्या असलेले फ्रीव्हील, म्हणजे पायडल थांबले तरी चाक फिरू देणारी यंत्रणा आणि चकत्या यांचा एकत्र संच, रुळले. हे फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसते. आट्याचा व्यास १.३७ इंच आणि इंचाला २४ आटे हे माप पुढे बहुतेक ठिकाणी सारखे राहिले, म्हणूनच जुन्या हबवर आजही नवे फ्रीव्हील चढते. पायडलच्या प्रत्येक जोरासरशी ते आणखी घट्ट होत जाते. त्यामुळे वर्षानुवर्षे न काढलेले फ्रीव्हील सोडवायचे, तर योग्य खाचांचा पुलर (फ्रीव्हील काढण्याचे हत्यार) व्हाइसमध्ये पकडून अख्खे चाकच फिरवावे लागते. छन्नी-हातोडीने काढण्याच्या घाईत फ्रीव्हीलच्या खाचा झिजतात आणि मग ते कोणत्याच पुलरला दाद देत नाही.

पाच चकत्यांच्या काळात रस्त्यावरच्या सायकलीच्या मागच्या हबची रुंदी, म्हणजे दोन्ही बाजूंच्या चेकनटांच्या (आवळून धरणाऱ्या नटांच्या) बाहेरच्या कडांमधील अंतर, १२० मिलिमीटर होते. सहावी चकती आली तेव्हा ते १२६ झाले. जपानच्या सनटूर कंपनीने सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात चकत्यांमधील फट कमी करून जुन्या १२० मिलिमीटरच्या जागेतच सहा चकत्या बसवल्या, आणि त्याच युक्तीने पुढे १२६ मध्ये सात मावल्या. मात्र फट कमी करण्याला मर्यादा असते, आणि रुंदी वाढवण्याची किंमत दुसऱ्या एका भागाला मोजावी लागते.

तो भाग म्हणजे ॲक्सल, चाकाच्या मधला दांडा. आट्यांच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे हबच्या मूळ कवचात, फ्रीव्हीलच्या आतल्या बाजूला असतात. छर्ऱ्यांपासून फ्रेमच्या पकडीपर्यंतचा ॲक्सल कोणत्याही आधाराविना राहतो, आणि जितक्या चकत्या वाढतील तितकी ही निराधार लांबी वाढते. स्वाराचे वजन, खड्ड्यांचे धक्के आणि चेनची ओढ हे सगळे तिथेच येते. असा हब खोलून ॲक्सल सपाट काचेवर लोळवून पाहावा. वाकलेला असेल तर काच आणि धातू यांच्यामधून उजेडाची फट दिसते, आणि हा वाक बहुतेक वेळा उजव्या कोनाजवळच, म्हणजे छर्रे ज्यावर फिरतात त्या शंकूच्या आकाराच्या नटाजवळच, सापडतो. पुढे तो तिथेच तुटतो. जास्त गिअरच्या इतिहासात चकत्यांच्या संख्येपेक्षा छर्ऱ्यांची जागा महत्त्वाची आहे, असे माझे ठाम मत या एका गोष्टीमुळे झाले आहे.

यावरचा उपाय पुष्कळ आधी सापडला होता. इंग्लंडच्या बेलिस-वायली कंपनीने १९३८ च्या सुमारास फ्रीव्हीलची यंत्रणा हबचाच भाग केली आणि उजवीकडचे छर्रे बाहेर, ॲक्सलच्या टोकाजवळ नेले. पण ही कल्पना त्या काळी पसरली नाही. शिमानोने १९७८ साली ड्युरा-एस मालिकेत फ्रीहब आणला, तेव्हा तिला खरी गती मिळाली. फ्रीहबमध्ये खटके असलेली यंत्रणा हबलाच जोडलेली राहते, चकत्यांचा संच, म्हणजे कॅसेट, तिच्यावरच्या उभ्या खाचांत सरकवून बसवतात आणि चकत्या झिजल्या तर फक्त त्या बदलतात. ॲक्सलला टोकाजवळ आधार मिळाल्याने आठवी, नववी चकती वाढवणे सुरक्षित झाले.

१९८४ साली शिमानोने ठरावीक टप्प्यांवर ‘टक’ करून बसणारा गिअर लिव्हर आणला आणि चकत्यांमधील अंतराला काटेकोर महत्त्व आले. १९८९ पासून हायपरग्लाइड प्रकारची कॅसेट आली. ती बाहेरून एका लॉकरिंगने आवळली जाते, तर त्याआधीच्या युनिग्लाइड प्रकारात सर्वांत लहान चकतीच आट्यांनी बसून बाकीच्यांना धरून ठेवत असे. म्हणून जुन्या युनिग्लाइड फ्रीहबवर आजची कॅसेट जशीच्या तशी बसत नाही, हे खरेदीआधी तपासावे. रस्त्यावरच्या आठ गिअरच्या सायकलींसाठी हबची रुंदी १३० मिलिमीटर ठरली, डोंगरी सायकलींसाठी १३५.

सात गिअरचा शिमानो फ्रीहब ज्याच्याकडे आहे, त्याचे काम सर्वांत सोपे. ॲक्सल, कोन आणि छर्रे काढले की आत एक पोकळ बोल्ट दिसतो. अनेक मॉडेलांत तो १० मिलिमीटरच्या ॲलन पान्याने सुटतो आणि फ्रीहबची बॉडी हातात येते. तिच्या जागी आठ-नऊ गिअरची बॉडी बसते. ती चार-साडेचार मिलिमीटर लांब असते, म्हणून उजवीकडे तेवढ्या जाडीचा वायसर आणि बहुधा थोडा लांब ॲक्सल लागतो. कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात लेथवर असा वायसर कातून घेणे अवघड नाही. फक्त त्याच्या दोन्ही बाजू एकमेकींना समांतर हव्यात, नाहीतर ॲक्सलवर तिरका दाब येतो. वायसर ४ मिलिमीटरचा धरला तर १२६ चा हब १३० चा होतो आणि रिम पुन्हा मध्यावर आणण्यासाठी २ मिलिमीटर उजवीकडे ओढावी लागते. त्यामुळे उजव्या तारा जास्त ताणल्या जातात, डाव्या सैल पडतात. चाकाचा आउट, म्हणजे डगमग, काढणारा मिस्त्री या कामात म्हणूनच निष्णात हवा.

बॉडी न बदलताही एक मार्ग आहे. सात गिअरच्या कॅसेटमध्ये चकत्यांचे अंतर ५ मिलिमीटर असते, म्हणजे सहा अंतरांचे ३० मिलिमीटर. नऊ गिअरच्या कॅसेटमध्ये ते सुमारे ४.३५ असते. तिच्यातली एक चकती काढून आठच ठेवल्या तर सात अंतरांचे साडेतीस मिलिमीटरच होतात. म्हणून जुन्या बॉडीवर आठ चकत्या मावतात. लिव्हर आणि चेन मात्र नऊ गिअरची घ्यावी लागते.

आट्यांच्या हबला कॅसेट बसवता येत नाही. आठ चकत्यांचे स्क्रू-फ्रीव्हील बाजारात मिळते आणि स्वस्तही पडते, पण त्याने निराधार ॲक्सलची लांबी पुन्हा वाढते. पन्हाळ्याच्या चढावर उभे राहून पायडल मारणाऱ्याने ते घेऊ नये. नुसता चढ सोपा करायचा असेल तर संख्या वाढवण्याऐवजी मोठी चकती ३४ दातांची असलेले सात गिअरचे फ्रीव्हील पुरते, फक्त मागचा डिरेलर तेवढी मोठी चकती पेलणारा हवा. संख्याच वाढवायची असेल तर नवा फ्रीहब घेऊन चाक पुन्हा विणावे. त्यासाठी तारांची भोके आधी मोजावीत, कारण जुन्या रिमला बहुधा ३६ असतात आणि नवे हब अनेकदा ३२ चे असतात. पोलादी फ्रेमची मागची फाक, म्हणजे मागचे चाक बसते त्या जागेची रुंदी, १२६ वरून १३० करताना दोन्ही बाजू सारख्या दोन-दोन मिलिमीटर उघडून पकडी पुन्हा समांतर केल्या की काम टिकते. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर मात्र असा ताण देऊ नये; ती वाकत नाही, तडकते.