शंभर वर्षांची अट आणि आपल्या घरातलं जुनं फर्निचर

जुनं फर्निचर घ्यायला निघालेल्या माणसाचा दुकानात पहिला प्रश्न असतो "हे खरं एंटीक आहे ना?" आणि आपल्या खोलीत मावेल का, आपण त्यावर रोज बसणार आहोत का, हे प्रश्न पैसे देऊन झाल्यावर सुचतात. हा उलटा क्रम कुठून आला ते बघायला फार मागे जायची गरज नाही, कारण मुंबई-पुण्याच्या बाजारात फिरणाऱ्या मालातला बराचसा १९३० ते १९६० या काळातला असतो.

त्याआधीचं थोडक्यात सांगतो. वाड्यात बैठक म्हणजे गादी, लोड, तक्के, फार तर झोपाळा आणि चौरंग, सामान ठेवायला फडताळ नि कोनाडे, म्हणजे उचलून नेण्यासारखं फर्निचर मुळातच कमी. गोव्यात पोर्तुगीज घाटाची शिसवी बाकं, वेत विणलेल्या खुर्च्या, हस्तिदंत जडवलेली कपाटं होती. मुंबईत एकोणिसाव्या शतकात शिसवीवर दाट कोरीव काम करून सोफे-टेबलं बनायची, ती मोठ्या बंगल्यांसाठी, आणि आजही "एंटीक" म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर तेच येतं. बर्मा सागाचं नाव सगळ्यांना माहिती असतं, पण १८८५ च्या इंग्रज-बर्मी युद्धाला निमित्त झालं ते मुंबईचं नाव लावणाऱ्या एका कंपनीचं सागाच्या ओंडक्यांवरून बर्मी दरबाराशी झालेलं भांडण, हे सहसा कोणी सांगत नाही. त्या युद्धानंतर अख्खा बर्मा इंग्रजांच्या हातात गेला आणि तिथला साग मुंबईच्या दारा-खिडक्यांत, जिन्यांत, पलंगांत येत राहिला.

आता खरा मुद्दा, १९३० चं दशक. मरीन ड्राइव्ह, ओव्हलच्या समोरची बाजू, दादर-माटुंगा, शिवाजी पार्क इथे फ्लॅट उभे राहिले आणि नोकरदार माणसाला ठराविक मापाच्या खोल्यांत संसार मांडायची वेळ आली. १९३७ मध्ये मुंबईच्या टाउन हॉलमध्ये आदर्श घराचं एक मोठं प्रदर्शन भरलं होतं, त्यात आधुनिक घर कसं असावं, खोल्या कशा मांडाव्यात हे लोकांना प्रत्यक्ष दाखवलं. तेव्हाचं आर्ट डेको, म्हणजे डेको शैलीचं फर्निचर बघा, गोल कडा, कोरीव काम जवळजवळ नाही, वर व्हिनियर म्हणजे चांगल्या लाकडाचा पातळ थर, बुटकं साइडबोर्ड, उभ्या आरशाचं ड्रेसिंग टेबल, सगळं पुसायला सोपं आणि फ्लॅटसाठी बनवलेलं. माझ्या मते आपल्या आजच्या घरांना सगळ्यात जवळचं हेच फर्निचर आहे आणि याच्याकडेच गिऱ्हाईक सगळ्यात कमी लक्ष देतं, कारण ते "पुरेसं जुनं" वाटत नाही.

हे "पुरेसं जुनं" प्रकरण मुख्यतः कायद्यातून आलंय. १९४७ मध्ये पुरावस्तू परदेशी जाऊ नयेत म्हणून एक कायदा झाला, मग १९७२ मध्ये जास्त कडक कायदा आला जो १९७६ पासून लागू आहे, त्यात शंभर वर्षं किंवा जास्त जुनी वस्तू ती पुरावस्तू, हस्तलिखितांसारख्या गोष्टींना मात्र ७५ वर्षं. डोळ्यासमोर होत्या चोरीला जाणाऱ्या मूर्ती आणि चित्रं, पण माप सगळ्यांना एकच लागलं. अशी रेषा आखणारे आपण एकटे नाही. अमेरिकेने १९३० च्या जकात कायद्यात १८३० च्या आधीची वस्तू ती एंटीक असं धरलं होतं आणि १९६६ मध्ये ते बदलून शंभर वर्षं केलं. म्हणजे हा आकडा सरकारी सोयीसाठी ठरलेला आहे, लाकडाचा दर्जा किंवा कारागिरी बघून नव्हे, आणि ही रेषा दरवर्षी एक वर्ष पुढे सरकते. १९३५ चा डेको सोफा २०३५ मध्ये पुरावस्तू होणार, त्याच्या आदल्या वर्षी नाही, सोफा तोच.

याचा सगळ्यात मोठा तोटा दिसला तो चंदीगडच्या बाबतीत. १९५० च्या दशकात नव्या राजधानीच्या कचेऱ्या, कोर्ट, कॉलेजं यांच्यासाठी साग आणि वेताच्या खुर्च्या हजारोंनी बनल्या, पुढे त्या मोडक्या म्हणून गच्चीवर रचल्या गेल्या, भंगाराच्या भावात लिलावात निघाल्या, आणि त्याच खुर्च्या युरोप-अमेरिकेतल्या लिलावांत लाखोंना विकल्या गेल्यावर इथे आरडाओरडा झाला. अडवणार कसं? शंभर वर्षं झालेली नाहीत, मग कायदा हात लावू शकत नाही. २०११ मध्ये या फर्निचरच्या विक्रीवर नि निर्यातीवर बंदीचा सरकारी आदेश निघाला, पण तो विशेष आदेश, कायद्यातली रेषा होती तिथेच राहिली. वाईट याचं वाटतं की त्याच १९७२ च्या कायद्यात दुसरा दरवाजा होता, शंभर वर्षं झाली नसली तरी एखादी कलाकृती सरकार "कलानिधी" म्हणून जाहीर करू शकतं, अट एवढीच की करणारा हयात नसावा. हा दरवाजा मोजक्या चित्रकारांसाठी उघडला, खुर्ची-टेबलासाठी नाही. खुर्चीला कला मानायला आपण तयार नव्हतो असंच मला यातून दिसतं.

मग अट ७५ वर्षांवर आणा असं एक बाजू म्हणते. दुसरी बाजू म्हणते की तसं केलं तर घराघरातलं आजीचं कपाट पुरावस्तू होईल, छोट्या दुकानदाराला परवान्याच्या मागे फिरावं लागेल आणि लोक कटकट नको म्हणून वस्तू गुपचूप मोडतील. दोन्हीत तथ्य आहे, पण सार्वजनिक इमारतींतल्या फर्निचरसाठी तरी वेगळी, कमी वर्षांची रेषा हवीच होती असं मला ठाम वाटतं. घरासाठी निवडताना मात्र या आकड्याचा काहीच उपयोग नाही.

बाजारात माल कुठून आला तेही बघायला हवं. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली, एकेक कुटुंब त्याच जागेत तीन पिढ्या राहिलं आणि फर्निचरही हललं नाही. १९९१ च्या विकास नियमावलीनंतर जुन्या उपकर इमारतींचं (दुरुस्तीसाठी सरकारला जादा कर भरणाऱ्या) रीडेव्हलपमेंट जोरात सुरू झालं, ट्रान्झिटच्या म्हणजे तात्पुरत्या घरात पलंग मावेना, आणि टेम्पो भरभरून सामान चोर बाजारच्या मटन स्ट्रीटवर नि जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या गाळ्यांत गेलं. त्यात जहाजं तोडताना निघालेल्या वस्तूही मिसळल्या. २०१४ पासून म्यानमारने सागाचे ओंडके बाहेर पाठवणं बंद केल्यावर जुनी दारं-तुळया कापून नवीन "विंटेज" बनवायचं प्रमाण वाढलं, लाकूड जुनं पण वस्तू कालची. २०१७ पासून शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंधनं आली, त्यामुळे आजोबांची शिसवी खुर्ची अमेरिकेला न्यायची असेल तर आधी कागदपत्रांची चौकशी करा, आणि ती शंभरीच्या आतली असेल तरी ती पुरावस्तू नाही असा दाखला लागू शकतो.

या सगळ्यानंतर निवडायचं कसं, तर आधी मापाची टेप काढा. १० बाय ११ च्या बेडरूममध्ये खांबांचा शिसवी पलंग ठेवला की कपाटाचं दार उघडत नाही, तिथे डेकोचं बुटकं कपाट छान बसतं. लांब हातांची आरामखुर्ची पाय पसरून वाचणाऱ्या माणसासाठी आहे, तिला पुढे मोकळी जागा लागते, सतत उठबस करणाऱ्या माणसाला ती अडचणच वाटते. भाड्याच्या घरात राहता, दर दोन वर्षांनी सामान हलवावं लागतं? मग इराण्याच्या हॉटेलातली वाकवलेल्या लाकडाची खुर्ची घ्या, ते डिझाइन १८५९ चं व्हिएन्नातलं, मोजक्या तुकड्यांत खोलून पाठवता यावं म्हणूनच केलेलं, एका हातात उचलता येतं. दुकानदार १९०० सालचं म्हणत असेल तर खुर्ची उलटी करून स्क्रू बघा, स्टार स्क्रू १९३० च्या दशकात आले, ते दिसले तर एकतर नंतर दुरुस्ती झालीय किंवा वस्तूच नंतरची. दुरुस्ती झालेली असली म्हणून वाईट नाही, भाव मात्र त्याप्रमाणे करा. व्हिनियर असेल तर कडेला बोटाने दाबून बघा, मुंबईच्या पावसाळ्यात ते पहिलं कडेलाच सुटतं. आणि लाखेचं जुनं पॉलिश कितीही सुंदर असलं तरी गरम कप ठेवला की पांढरा डाग पडतो, ज्या घरात दिवसभर चहा टेबलावरच असतो तिथे वर संगमरवर बसवलेलं इराणी टेबलच बरं.