दार फोडू नका, दया

फोंड्याच्या आमच्या घरी टीव्ही सोप्यावर असायचा. शुक्रवारी रात्री जेवणं आटोपून ‘सीआयडी’ लागली, की शेजारचे दोघे-तिघे दारात चपला काढून आत येऊन बसत. घरात बोलायचं कोकणीतून, पेपर वाचायचा मराठीतून आणि खुनी पकडायचा हिंदीतून, अशी ती वाटणी. त्यातून कुणाला ओलीस धरल्याचा भाग असला, की आईचा धीर पाच मिनिटांत सुटे. ‘आतां दार फोडटलो, पळय!’ असं ती दयाच्या वतीने जाहीर करून टाकायची. दार पडलं की उठून सरळ स्वयंपाकघरात. पुढची चौकशी, कबुली, एसीपी प्रद्युम्न यांची हवेत फिरणारी बोटं, हे सगळं तिला पाल्हाळ वाटे.

गंमत अशी, की पोलीस मालिकांतलं ओलीसनाट्य ज्या इतिहासातून आलं, तो इतिहास दार न फोडता बाहेर ताटकळत उभं राहायला शिकण्याचा आहे. पोलिसांना हे शहाणपण फार महागात पडलं, आणि त्या सगळ्यात टीव्ही नुसता बघ्या नव्हता.

आधी शब्दाचं बघू. आपल्याकडे ओलीस हे दरोडेखोरांच्या आधी राजेरजवाड्यांचं प्रकरण. १६६५ साली पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले मोगलांना द्यायचे ठरले, तेव्हा अटी पुऱ्या होईपर्यंत आठ वर्षांचे संभाजीराजे मिर्झाराजे जयसिंगांच्या छावणीत राहिले. १७९२ मध्ये टिपूची दोन मुलं अशीच कॉर्नवॉलिसच्या हवाली झाली. ओलीस म्हणजे दिलेल्या शब्दाचं तारण. त्याला इजा झाली तर तह मोडणार, म्हणून त्याची बडदास्तही ठेवली जाई. आमच्या भागातल्या जत्रेत ऐतिहासिक नाटक बसवलं, की बाल संभाजीच्या कामासाठी गावातला सगळ्यात धीट पोरगा शोधत. तो छावणीत रडायचा नाही, ताठ बसायचा. टीव्हीवरचा ओलीस मात्र खुर्चीला बांधलेला, तोंडावर चिकटपट्टी आणि कपाळावर घाम.

या दुसऱ्या ओलिसाचं चित्र जगाच्या डोक्यात पक्कं बसलं ते ५ सप्टेंबर १९७२ रोजी. म्युनिक ऑलिंपिकच्या क्रीडाग्रामात ‘ब्लॅक सप्टेंबर’ या पॅलेस्टिनी दहशतवादी संघटनेचे आठ जण पहाटे घुसले. इस्रायली पथकातल्या दोघांना त्यांनी ठार केलं आणि नऊ जणांना कोंडून ठेवलं. खेळांसाठी आलेले कॅमेरे तयारच होते, त्यांचं तोंड फक्त दुसरीकडे वळवायचं होतं. दुपारनंतर जर्मन पोलीस ट्रॅकसूट घालून, बंदुका घेऊन इमारतीच्या छपरावर चढले. हवेच्या झरोक्यांतून आत उतरायचा बेत होता. पण इमारतीची वीज कुणी तोडली नव्हती आणि खेळाडूंच्या खोल्यांत टीव्ही होते. छपरावर कोण कुठे दबा धरून बसलंय, ते आतले लोक बाकीच्या जगासोबत आरामात बघत होते. बेत सोडून द्यावा लागला. रात्री विमानतळावर झालेल्या चकमकीत नऊही ओलीस मेले, एक जर्मन पोलीस मेला आणि आठांपैकी पाच हल्लेखोर मेले.

आपल्या बाजूला मुंबई दूरदर्शन सुरू झालं ते त्यानंतर महिन्याभराने, २ ऑक्टोबर १९७२ ला. गोव्यातल्या घरांत टीव्ही यायला तर त्याहून बरीच वर्षं होती. म्युनिक आमच्याकडे पेपरातच घडलं.

न्यूयॉर्क पोलिसांनी मात्र त्यातून धडा घेतला. त्यांच्याकडे हार्वी श्लॉसबर्ग नावाचा एक माणूस होता, पोलीसही आणि मानसशास्त्रातला डॉक्टरही. त्याने आणि फ्रँक बोल्झ या अधिकाऱ्याने मिळून ओलीस प्रकरणांत वाटाघाटी करणारं वेगळं पथक उभं केलं. त्यांचा विचार ऐकायला साधा वाटतो. जागा वेढून टाका, पण आत घुसू नका. वेळ काढा. माणूस सहा तास बोलत राहिला की दमतो, त्याला भूक लागते, झोप येते, आणि भुकेला माणूस सौदा करतो. जेवण आत पाठवायचं, पण फुकट नाही, त्याच्या बदल्यात काहीतरी मागायचं. जानेवारी १९७३ मध्ये ब्रुकलिनमधल्या खेळाच्या सामानाच्या एका दुकानात परीक्षा झाली. सुरुवातीलाच एक पोलीस मारला गेला होता, तरी पोलिसांनी धावा केला नाही. ४७ तास ते बाहेर थांबले. आतल्या ओलिसांना तेवढ्यात छपराकडे जाणारी वाट सापडली आणि ते निसटले. मग दरोडेखोर शरण आले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्टॉकहोमच्या एका बँकेत चार कर्मचारी सहा दिवस तिजोरीच्या खोलीत अडकले. हे प्रकरण जगाला ठाऊक झालं ते त्यातून निघालेल्या ‘स्टॉकहोम सिंड्रोम’ या नावामुळे. ओलिसांतल्या एकीने थेट पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांना फोनवर सुनावलं, की तिचा भरवसा दरोडेखोरावर आहे, पोलिसांवर नाही. पोलिसांच्या बाजूने काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाने यालाच आजाराचं नाव देऊन टाकलं. मला ते तेव्हाही अन्यायाचं वाटलं असतं आणि आजही वाटतं. बाहेरून गोळी येण्याची भीती आतल्या माणसालाच कळणार. मानसोपचाराच्या अधिकृत आजारांच्या यादीत या नावाला कधीच जागा मिळाली नाही. मालिकावाल्यांना मात्र घबाड मिळालं. ओलीस मुलगी आणि तिला धरणारा हळवा गुंड, या जोडीवर पन्नास वर्षं भागतंय.

पोलीस मालिकेत हा सगळा वाद प्रथम नीट उतरला तो अमेरिकेत १५ जानेवारी १९८१ ला, ‘हिल स्ट्रीट ब्लूज’च्या पहिल्याच भागात. एका दुकानात पोरांनी लोकांना कोंडलंय आणि बाहेर एकाच ठाण्याचे दोन अधिकारी. एकाला बोलायचंय, दुसऱ्याला हत्यारबंद तुकडी घेऊन आत शिरायचंय. गुंडापेक्षा या दोघांमधला ताण जास्त रंगतो. त्यानंतरच्या कुठल्याही चांगल्या ओलीस-भागात हीच दोन माणसं वेगळ्या नावांनी भेटतात.

आपल्याकडे वाट वेगळी होती. बी. पी. सिंग हे मूळ मुंबई दूरदर्शनवर कॅमेरा चालवणारे. त्यांनी आधी मराठीत ‘एक शून्य शून्य’ केलं, पोलिसांच्या फोन नंबरावर बेतलेलं. त्यात शिवाजी साटम होते. मग २१ जानेवारी १९९८ ला ‘सीआयडी’ सुरू झाली आणि २०१८ पर्यंत दीड हजारांहून अधिक भाग चालली. डिसेंबर २०२४ मध्ये ती परतही आली. इतकी वर्षं दर आठवड्याला नवा गुन्हा शोधायचा, तर ओलीसनाट्य हा लेखकाचा आणि निर्मात्याचा दोघांचा मित्र. एक खोली, पाच-सहा नट, एक पिस्तूल, भिंतीवर घड्याळ. गाड्या उलटवायला नकोत, माणसं गोळा करायला नकोत. याच मंडळींनी २००४ मध्ये १११ मिनिटांचा अख्खा भाग एकाही ‘कट’शिवाय एका सलग शॉटमध्ये करून दाखवला. बंद जागेत ताण कसा धरून ठेवायचा, हे त्यांना समजत नव्हतं असं नाही.

तरीही दार फुटायचंच. कारण सरळ आहे. वाटाघाटी म्हणजे तासन् तास तेच ते बोलणं, मधे मधे शांतता, मग पुन्हा तेच. जाहिराती वगळून उरलेल्या वेळात ते बसत नाही. आणि आमच्या सोप्यावरचे प्रेक्षक ते बसून बघणारेही नव्हते. पुढे दारच इतकं लाडकं झालं, की ते न फोडणं हा प्रेक्षकांचा अपमान ठरला असता.

एका बाबतीत मात्र ओलीस-भागात एसीपींचं अगदी बरोबर असतं. ‘तुम्हें फांसी होगी’ हे ते ज्याला-त्याला सुनावतात आणि वकील मंडळी हसतात. पण ओलीस धरून, जिवाची धमकी देऊन खंडणी किंवा मागण्या पुढे करणं, यासाठी १९९३ साली भारतीय दंड संहितेत कलम ३६४-अ घालण्यात आलं. त्यात जन्मठेप किंवा फाशी, वर दंडही. आता ती तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम १४० मध्ये आहे.

हिंदी मालिकांतल्या गोव्याबद्दल न बोललेलं बरं. तिथे प्रत्येक जण ‘मॅन’ म्हणत फिरतो आणि डिचोली-पेडण्याकडचा माणूस कुठे दिसत नाही. खरी गोष्ट त्याहून रंगतदार होती. एप्रिल १९८६ मध्ये पर्वरीच्या ‘ओ कोकेरो’त कुख्यात खुनी चार्ल्स शोभराजला पकडलं ते मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडे यांनी, तेही गर्दीच्या हॉटेलात, गोळी न झाडता. बेड्या नव्हत्या म्हणून हॉटेलातलीच दोरी मागून घेतली. याच शोभराजने १९७१ मध्ये दिल्लीच्या अशोका हॉटेलात एका नर्तकीला तिच्याच खोलीत ओलीस धरलं होतं, कारण खाली दागिन्यांचं दुकान होतं आणि त्याला तिच्या खोलीची जमीन फोडून तिथे उतरायचं होतं. लेखकाने असं लिहून आणलं असतं तर निर्मात्याने परत पाठवलं असतं.

‘सीआयडी’ सुरू होऊन दोन वर्षंही झाली नव्हती, तेव्हा २४ डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून निघालेलं आयसी-८१४ पळवलं गेलं आणि आठवडाभर कंदाहारचं प्रकरण घराघरांत चाललं. वृत्तवाहिन्या तेव्हा नव्या होत्या. प्रवाशांच्या नातेवाइकांचा आक्रोश दिवसरात्र पडद्यावर होता आणि सरकारला तो टाळता येत नव्हता. शेवटी तुरुंगातले तीन दहशतवादी सोडून द्यावे लागले. नऊ वर्षांनी, २६ नोव्हेंबर २००८ ला सुरू झालेल्या हल्ल्यात, म्युनिकचं छप्पर मुंबईत पुन्हा दिसलं. कमांडो नरिमन हाउसवर दोरीने उतरत होते, ते आम्ही फोंड्यात बसून बघत होतो आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधारही बघत होते, आणि फोनवरून आपल्या माणसांना सूचना देत होते. २०१२ च्या कसाब निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना याबद्दल फार कडक शब्दांत झापलं. २०१५ मध्ये केबल टीव्हीचे नियम बदलले. दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण बंद, नेमलेला अधिकारी मधून मधून सांगेल तेवढंच दाखवायचं. म्युनिकनंतर त्रेचाळीस वर्षांनी.

३० ऑक्टोबर २०२५ ला पवईत एका स्टुडिओत वेब सिरीजच्या ऑडिशनसाठी बोलावलेल्या सतरा मुलांना एकाने कोंडून ठेवलं. पोलीस बोलले, थांबले आणि शेवटी न्हाणीघराच्या वाटेने आत शिरले. मुलं सुखरूप बाहेर आली. कोंडणारा पोलिसांच्या गोळीने मेला. आईला आता ऐकू कमी येतं, म्हणून बातमी मी तिला ओरडून सांगितली. मला वाटलं, ती दाराचं विचारील. तिने मुलांचंच विचारलं, ‘भुरग्यांक कोणें कितें खावंक दिलें?’